सात डिसेंबरचा उतारा

एक्सेल उघडा. कुठल्याही रकान्यात ७/१२ लिहा. एंटर दाबा. रकान्यात दिसेल : सात डिसेंबर.

पणजोबांनी कसलेली, आजोबांनी कूळकायद्यात मिळवलेली आणि काकांनी कोर्टात झिजून राखलेली जमीन एका एंटरसरशी तारीख झाली. तुम्ही म्हणाल, रकान्याचा प्रकार बदलून 'टेक्स्ट' करू, म्हणजे मूळ आकडा परत येईल. करून बघा. लिहिताना २०२५ साल चालू असेल, तर आता तिथे ४५९९८ दिसेल. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेले दिवस, आणि ७ डिसेंबर २०२५ हा त्याच्या वहीतला ४५,९९८ वा दिवस. तुमचा सात कुठे नाही, बारा कुठे नाही. तुम्ही लिहिलेलं त्याने ठेवलंच नव्हतं. त्याला जे वाटलं ते ठेवलं होतं.

आता या हिशेबनिसाची तारखांबद्दलची हुशारी बघा. त्याच्या वहीत २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तो दिवस कधी उगवलाच नाही. पण लोटस १-२-३ नावाच्या त्याआधीच्या प्रोग्रामात ती चूक होती. त्याच्याशी फायली जुळाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक आहे तशी उचलली आणि आजतागायत जपली. म्हणजे न उगवलेला दिवस चालतो. उभा महाराष्ट्र ज्याच्यापायी एकमेकांशी भांडतो तो सातबारा मात्र चालत नाही.

घरच्या कॉम्प्युटरबद्दल लोकांची नेहमीची तक्रार अशी की, मेला ऐकत नाही. माझी तक्रार उलटी आहे. तो आपलं बोलणं पुरं होण्याआधीच समजून घेतो. आपण मजकूर लिहितो, तो त्यातला हेतू ओळखतो. आपण फाईल ठेवतो, तो तिच्यासाठी चांगली जागा शोधतो. आपण 'बंद कर' म्हणतो, त्याला आठवतं की हीच वेळ सुधारणेची. बिघाड परवडला, दुरुस्त तरी करता येतो. आगाऊपणाला दुरुस्ती नसते, कारण दुकानदाराच्या मते ती सोय असते.

अंबरनाथ तालुक्यातल्या आमच्या जांभूळसारख्या गावात ही सोय फार महागात पडते. एकीकडून बदलापूर सरकत येतंय, दुसरीकडून अंबरनाथ आणि उल्हासनगर. त्यात बदलापूरजवळून बडोदा-मुंबई महामार्ग. तेव्हा जमिनीचा विषय न निघता चहाचा कप खाली ठेवला जात नाही, आणि भावकीत कुणी ना कुणी लॅपटॉपवर याद्या करत बसलेला असतो : सर्व्हे नंबर, हिस्सा, खातेदार, क्षेत्र, आधार, बँक खातं.

आता ही यादी रकान्यात भरा. सर्व्हे नंबर १२, हिस्सा ३, म्हणजे १२/३. झाला बारा मार्च. २५/४ झाला पंचवीस एप्रिल. ७/१ म्हणजे सात जानेवारी. यादी 'क्रमाने लावा' म्हटलं की हिस्से महिन्यांप्रमाणे रांगेत उभे : जानेवारीची जमीन वर, एप्रिलची खाली. पुढच्या रकान्यात आधारचे बारा आकडे टाका, ते आखडून १.२३ ई+११ असलं काहीतरी होतात. खाते क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर शून्य गळतं, कारण आकड्याच्या आधी शून्य लावण्यात काय अर्थ, असं त्याला वाटतं. आणि सोळा आकडी क्रमांक असेल तर शेवटचा आकडा गुपचूप शून्य होतो, कारण पंधराच्या पुढचं तो लक्षात ठेवत नाही. एका यादीत जमीन गेली, माणूस गेला आणि पैसे तिसऱ्याच्याच खात्यात. एवढी कामगिरी करायला पूर्वी गावात दोन-तीन वस्ताद लागायचे.

उपाय आहे. आकड्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह टाकायचं, किंवा काही लिहिण्याआधीच रकाना 'टेक्स्ट' करून ठेवायचा. आधीच. नंतर केलंत तर ४५९९८. थोडक्यात, या भल्या गृहस्थाला दारातच दटावून आत घ्यायचं. एकदा आत येऊन मदत करायला लागला की आटोपलं.

हे दुखणं फक्त आपलं आहे असंही नाही. जनुकशास्त्रज्ञांची जनुकं होती, 'मार्च-१', 'सेप्ट-१' अशा आखूड नावांची. एक्सेलमध्ये टाकली की एक मार्च, एक सप्टेंबर. शोधनिबंधांच्या तक्त्यांत या तारखा शिरल्या आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. 'मार्च-१' आता 'मार्चएफ-१' आहे. माणसाच्या पेशीत लाखो वर्षं बसलेल्या जनुकाने एका तक्ते भरायच्या प्रोग्रामापुढे मान तुकवली. मायक्रोसॉफ्टला उपरती व्हायला २०२३ उजाडलं. आता नव्या आवृत्तीत 'ऑप्शन्स'मध्ये 'डेटा'खाली 'ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन' बंद करायची सोय आहे. शून्यं गाळणं बंद होतं, लांब आकडे आखडणं बंद होतं, अक्षर आणि आकडा जोडून आले तर त्यांची तारीख करणं बंद होतं. तिरपी रेघ असलेल्या आकड्यांचा मात्र त्या यादीत उल्लेख नाही. जनुकं सुटली, सातबारा आत आहे. समितीत एखादा तलाठी असता तर हे झालं नसतं.

ज्यांना फुकटचं चालतं त्यांनी लिबरऑफिस बघावं. तेही ७/१२ ची तारीखच करतं, त्याच्या अंगी काही वेगळे गुण नाहीत. फरक एवढाच की भाषेच्या सेटिंगमध्ये तारखा ओळखायचे नमुने एका चौकटीत उघड लिहून ठेवलेले असतात. त्यातला 'दिवस/महिना' हा नमुना खोडला की त्याचा संशय कायमचा मिटतो. शहाणपणा त्यालाही आहे, पण त्याचं बटण आपल्या हातात आहे.

हे सगळं घराणं जुनं आहे. ऑफिस ९७ मध्ये एक डोळे मिचकावणारी कागदाची पिन यायची. 'प्रिय' लिहिलं की विचारायची, पत्र लिहिताय का, मदत करू? जगभर लोकांनी तिला इतकं हिडीसफिडीस केलं की २००१ पासून ती आपणहून येईनाशी झाली आणि २००७ च्या आवृत्तीत पार गेली. लोकांना वाटलं, जिंकलो. पण पिन बिचारी निदान विचारायची तरी. तिच्या वारसांनी धडा घेतला तो एवढाच की, विचारलं की लोक नाही म्हणतात.

म्हणून आता विचारण्याची पद्धतच बदलली आहे. खिडकी उघडते, तिच्यात दोन बटणं. एकावर 'हो', दुसऱ्यावर 'आत्ता नको'. 'नाही' हे बटण कुठल्या तरी सुधारणेत गेलं. आमच्याकडे जमिनीच्या बोलणीत 'बघू नंतर' म्हटलं की शहाणा दलाल चप्पल घालतो. इथे तो ओट्यावरच पथारी टाकतो.

अशाच एका 'हो'नंतर डेस्कटॉपवरच्या फायली ढगात जातात. मुलाच्या दहावीच्या निकालापासून पाणीपट्टीच्या पावतीपर्यंत सगळं वर. सुरक्षिततेसाठीच. मग कळतं की ढगात फुकटची जागा थोडी आहे, ती भरली आहे, आणि पुढच्या जागेचं भाडं दरमहा आहे. आपल्याच घरातलं सामान उचलून भाड्याच्या गोदामात ठेवायचं आणि वर पावती आपल्या नावे फाडायची. यालाच बॅकअप म्हणतात.

आता जरा पाण्याचं बोलू. ठाणे जिल्ह्यात जांभूळचं नाव पेपरात येतं ते एमआयडीसीच्या जलशुद्धीकरण केंद्रामुळे. बारवी धरणाचं पाणी इथे शुद्ध होऊन पुढे शहरांकडे जातं. केंद्रात दुरुस्ती निघाली की आदल्या दिवशी बातमी : गुरुवारी रात्री बारापासून शुक्रवारी रात्री बारापर्यंत पाणीपुरवठा बंद, नागरिकांनी सहकार्य करावं. नागरिक चार शिव्या देतात आणि पिंपं भरून ठेवतात. शिव्या असतात, पण पिंपंही भरलेली असतात.

कॉम्प्युटरच्या अपडेटला एवढी सरकारी सभ्यताही जमत नाही. अर्जाची मुदत रात्री बाराला संपते, तुम्ही साडेअकराला मशीन चालू करता आणि पडद्यावर निळी पाटी : अपडेट चालू आहे, तीस टक्के, कॉम्प्युटर बंद करू नका. तीसचे एकतीस कधी होणार हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं, आणि सहकार्य करण्यावाचून तुमच्या हातात काही नसतं.

या न विचारता केलेल्या काळजीची कमाल १९ जुलै २०२४ ला झाली. तोही शुक्रवारच. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या मशीनवर एक सदोष फाईल धाडली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. व्हायरस आला नव्हता. व्हायरसपासून वाचवणारा आला होता. रोगाने जे साधलं नसतं ते लसीने साधलं. आणि उपाय काय? मशीन सेफ मोडमध्ये उघडून ती फाईल हाताने खोडा. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या मशीनसाठी अधिकृत सल्ला तर असा होता की, पुन्हा पुन्हा बंद-चालू करा, काहींना पंधरा वेळा करावं लागलं आहे. नाक्यावरचा दुरुस्तीवाला 'बंद करून चालू करा' म्हणतो तेव्हा त्याला यापुढे हसू नये. त्याचं ज्ञान सर्वोच्च पातळीवरचं आहे.

आणि मदतीचा कंटाळा आला की ती काढूनही घेता येते. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका अधिकाऱ्याने भर परिषदेत सांगितलं होतं की विंडोज १० ही शेवटची आवृत्ती. लोकांना वाटलं, आता आयुष्यभराची निश्चिंती. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा नेहमीचा आधार बंद झाला. विंडोज ११ ला मशीनमध्ये टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते, प्रोसेसरही अमुक पिढीचा लागतो. ज्या मशीनवर पोरगी काल रात्री प्रोजेक्ट करत होती आणि आज सकाळी आपण वीजबिल भरलं, ते मशीन अपात्र. पडदा शाबूत, कीबोर्ड शाबूत, पात्रता गेली. नोकरीत माणसांचं होतं तसंच.

आता तात्यांची गोष्ट. तात्या शेजारी राहतात, वय सत्तरीच्या पुढे, संशयी स्वभाव. त्यांचं आधार डाउनलोड करून हवं होतं. पीडीएफ आली. ती उघडायला पासवर्ड : नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. तात्या म्हणाले, "हे तर गावात सगळ्यांना ठाऊक आहे." म्हटलं, चालायचंच.

फाईल उघडली. खाली डिजिटल सहीची चौकट आणि तिच्यावर हे भलं मोठं पिवळं प्रश्नचिन्ह. सहीची वैधता अज्ञात.

"म्हणजे मी खोटा?" तात्या.

"तुम्ही नाही तात्या. सही सरकारची आहे. त्याला सरकारबद्दल खात्री नाही."

"कोणाला?"

"ह्या पीडीएफ उघडणाऱ्या सॉफ्टवेअरला."

झालं असं की, सॉफ्टवेअर आपल्या विश्वासातल्या लोकांची एक यादी बाळगून असतं. त्या यादीत नाव नसलं की सही कुणाचीही असो, पिवळं प्रश्नचिन्ह. कारण तुम्हाला फसवलं जाऊ नये, ही त्याची तळमळ. मग सहीवर उजवी क्लिक, सहीचे तपशील, सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र, त्यात 'ट्रस्ट' नावाचा भाग, तिथे 'विश्वासू यादीत घाला', मग दोनदा ओके, मग सही पुन्हा तपासा. प्रश्नचिन्ह गेलं, हिरवी खूण आली.

तात्यांनी हे सगळं चष्मा पुसून पुसून बघितलं. म्हणाले, "म्हणजे सरकार खरं आहे, हे मी सांगायचं?"

"हो."

"आणि मी सांगितलं की त्याला पटतं?"

"लगेच."

"मग मी खरा आहे हे सरकारला सांगायला मी हा कागद कशाला नेतोय?"

याचं उत्तर कुठल्याही हेल्प मेन्यूत नाही. तात्या उठले ते मात्र ताठ मानेने. आयुष्यभर सरकारने त्यांना प्रमाणपत्रं दिली होती. त्या दिवशी त्यांनी सरकारला दिलं.

पुढे प्रिंट. प्रिंटरविषयी लिहू नये असं मी ठरवलं होतं, कारण घरोघरी तेच असतं. कागद काळ्या शाईचा, प्रिंटर म्हणतो पिवळी संपली. पिवळी नको आहे बाबा. नको कशी, तुमच्या छपाईचा दर्जा राखायला नको का? पिवळी आणून घातली की तो 'ऑफलाइन' जातो, दोन हातांवर समोर दिसत असताना. मग सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवायचा, पुन्हा चालू करायचा. आणि मग थांबवण्याआधी दहादा दाबलेल्या बटणाचे दहा तात्या एकामागून एक बाहेर.

एवढा जो सगळीकडे नाक खुपसतो, तो जिथे खरंच डोकं चालवायला हवं तिथे काय करतो? मराठी लिहा, अख्खं पान तांबड्या नागमोडी रेघांनी भरू शकतं, कारण त्याच्या मते तुम्ही इंग्रजी लिहिताय आणि एकही शब्द धड नाही. 'सातबाऱ्याचा' हा शब्द फाईलमध्ये शोधा. डोळ्यांसमोर असूनही 'सापडला नाही' असं उत्तर येऊ शकतं. कारण युनिकोडमध्ये हा आडवा ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो : नुक्ता असलेल्या र ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त जोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. एका कीबोर्डवरून पहिला येतो, दुसऱ्यावरून दुसरा. कागदावर दोन्ही जुळे भाऊ, मशीनच्या लेखी ओळख ना पाळख. ७/१२ दिसला की सात डिसेंबर ओळखणाऱ्या या मनकवड्याला एकाच शब्दातला एकच ऱ ओळखता येत नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या, पण पायाशी आलेली शेळी दिसायची नाही.

या सगळ्या गोतावळ्यात एक सज्जन होता. नोटपॅड. १९८५ च्या पहिल्या विंडोजपासूनचा. त्यात ७/१२ लिहिलं की ७/१२ राहायचं. १२/३ म्हणजे १२/३. शून्याने सुरू होणारा खाते क्रमांक शून्यासकट. ना रेघा, ना सल्ले, ना ढग. रंग नव्हते, तक्ते नव्हते, म्हणून लोक त्याला बावळट समजायचे. त्याचा धाकटा भाऊ वर्डपॅड २०२४ मध्ये विंडोज ११ मधून काढून टाकला, तेव्हाही हा गप्प राहिला. भावकीची गुप्त यादी, बँकांचे क्रमांक, उधारीचा हिशेब आणि प्रसंगी मृत्युपत्राचा कच्चा खर्डा, सगळं जसं दिलं तसं त्याने ठेवलं. चाळीस वर्षं नोकरीत राहून एकदाही आपलं मत न सांगणारा दुसरा कर्मचारी कोणी बघितला असेल तर कळवावं.

तर आता त्यालाही सुधारलं आहे. २०२४ मध्ये त्याला स्पेलिंग तपासायला शिकवलं, पाठोपाठ आपोआप दुरुस्त करायला. मग आला कृत्रिम बुद्धिमत्तेचा हात : तुमचा मजकूर निवडा, मी तो अधिक चांगला लिहून देतो. अधिक लांब करू, आखूड करू, की जरा औपचारिक करू? सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करता येतं, आणि वाचकहो, या आठवड्याचं कामच समजा : आज संध्याकाळीच करून टाका. नाहीतर जमिनीची यादी तो अधिक ओघवती करून देईल, आणि वाटणीच्या वेळी थोरल्या भावाला कळेल की आपल्या हिश्शाची भाषा सुधारली आहे, क्षेत्र तेवढं राहिलं नाही.